धुळ्यात ज्यांच्या घरची पत्रं फोडली जायची, त्या रमाबाई रानडेंनी पुढे मुलींना नर्सिंगची वाट दाखवली

समजा, तुम्ही वरणगावच्या आहात. बारावी सायन्स झालं, जळगावला नर्सिंगला नंबर लागला. काही महिन्यांनी वॉर्डात पहिली पोस्टिंग मिळाली. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, खिशात नवं पेन. तुम्ही वॉर्डात शिरता आणि तिसऱ्या बेडवर तुमच्याच गल्लीतली वहिनी दिसते. ती तुम्हाला ओळखते आणि तिचा चेहरा पडतो. केसपेपर तुमच्या हातात आहे, त्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला कळलंय. रात्री आईचा फोन येतो. जेवलीस का वगैरे झाल्यावर आई सहज विचारते, की अमक्यांची सून तुमच्याच दवाखान्यात ॲडमिट आहे म्हणे, काय झालंय तिला?

आता आईला काय सांगणार?

वरणगाव काही मुंबई नाही. इथे भुसावळची एसटी पकडायला उभं राहिलं तरी चार जण ओळखीचे भेटतात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. गंमत म्हणजे गुपित कसं पाळायचं हेही या गावाला चांगलं ठाऊक आहे. इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, बंदुकीच्या गोळ्या बनतात, आणि कामावरच्या गोष्टी गेटच्या बाहेर आणायच्या नाहीत हे तिथल्या कामगारांच्या घरात पोरांनाही कळतं. पण फॅक्टरीचं गुपित वेगळं आणि शेजारणीच्या आजाराचं वेगळं. पहिल्याला कायद्याचा धाक असतो. दुसरं बोलून टाकलं तर बहुतेक वेळा कोणी विचारतही नाही, फक्त ती वहिनी पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

म्हणून नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून मुलामुलींना हे शिकवलं जातं. तपासणीच्या आधी बेडभोवती पडदा ओढायचा, पडदा नसेल तर स्क्रीन लावायची. अंग पुसताना किंवा ड्रेसिंग करताना जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी चादरीखाली. कॅथेटर घालायच्या आधी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगायचं. केसपेपर उघडा टाकून जायचं नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट असेल तर बेडवर, फाइलच्या कव्हरवर कसलीही खूण करायची नाही. आणि लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, एसटीत, घरी, पेशंटबद्दल बोलायचं नाही. आईलासुद्धा नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. पाळायला अवघड जातं, कारण आपल्याकडे चौकशी करणं म्हणजे माया दाखवणं असतं. न सांगणारी मुलगी आखडू ठरते.

हा विषय निघाला की सगळे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव घेतात. घ्यायलाच हवं, आपणही पुढे घेऊ. पण महाराष्ट्रात घरंदाज म्हणवणाऱ्या घरांमधल्या बायका नर्स व्हायला कशा तयार झाल्या आणि लोकांनी त्यांना आपल्या आजारी माणसाजवळ कसं येऊ दिलं, ही गोष्ट एका वेगळ्या बाईची आहे. तिच्यावर आलेली 'उंच माझा झोका' ही मालिका तुमच्यापैकी अनेकांनी घरच्यांसोबत पाहिली असेल.

रमाबाई रानडे.

मालिकेमुळे आपल्याला लहानगी रमा आणि तिला शिकवणारे न्यायमूर्ती आठवतात. आज बोलायचंय ते त्यांच्या आयुष्यातल्या त्या भागाबद्दल, जो बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो.

घरातच पहारा

रमाबाई मूळच्या सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावच्या, कुर्लेकरांच्या. माहेरचं नाव यमुना. डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. त्या अकरा वर्षांच्या, नवरा तिशी ओलांडलेला, आणि त्याची पहिली बायको त्याच वर्षी वारलेली. सुधारक मंडळींना वाटत होतं की रानडे विधवेशी लग्न करतील. वडिलांनी ते होऊ दिलं नाही. रानड्यांवर त्यासाठी पुढे आयुष्यभर टीका झाली आणि ती काही खोटी नव्हती.

रानड्यांनी लग्नानंतर बायकोला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. आज हे वाचताना फार गोड वाटतं, पण पुण्यातल्या त्या भरल्या घरात नात्यातल्या बऱ्याच बायका होत्या आणि त्यांना हे अजिबात पटत नव्हतं. सून वाचते, पुरुषांसारखं पुस्तक घेऊन बसते, म्हणजे घराण्याचं नाक कापलं. टोमणे, अबोला, कामं वाढवून देणं, सगळं झालं. रमाबाई काय वाचतात, कोणाशी बोलतात, कुठल्या सभेला गेल्या, यावर घरात बारीक लक्ष असायचं. नवऱ्याचं म्हणणं असं की उलट बोलू नकोस, सहन कर, पण अभ्यास सोडू नकोस. सल्ला देणं त्यांना सोपं होतं, ते दिवसभर कोर्टात असायचे!

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण रमाबाईंनीच ते लिहून ठेवलं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरातलं काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि मग सांगितलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धुळ्याची टपाल

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. तिथे घरातला पहारा जरा सैल झाला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने रमाबाई बायकांना एकत्र बोलवू लागल्या, आणि लोकांसमोर पहिल्यांदा बोलल्या त्याही नाशिकलाच. भाषण लिहून दिलं होतं नवऱ्याने.

मग आलं १८७९. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरलं होतं. मे महिन्यात पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांचा या सगळ्याला आतून पाठिंबा आहे असा सरकारला संशय. सार्वजनिक सभेमागचं डोकं कोण, तर रानडे. सुट्टीत पुण्याला आलेल्या रानड्यांना तडकाफडकी धुळ्याला जाण्याचा हुकूम आला. कोर्टाची सुट्टी संपायचीही वाट पाहिली नाही.

तेव्हाचं धुळं म्हणजे खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. जळगाव, भुसावळ, वरणगाव सगळं तेव्हा त्याच एका जिल्ह्यात यायचं. पुण्यापासून लांब, लक्ष ठेवायला सोयीचं.

आणि लक्ष ठेवलं गेलंच. रानड्यांच्या नावाने आलेली टपाल उशिरा मिळायची आणि ती आधीच कोणीतरी उघडून वाचलेली असायची. त्यातच बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रं येऊ लागली. डाव सरळ होता. पत्र लपवलं तर माणूस सामील आहे. रानड्यांनी ती पत्रं जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून दिली. काही महिने असं चाललं, मग सरकारचा संशय फिटला आणि प्रकरण निवळलं. १८८१ मध्ये रानडे मुंबईला गेले.

रमाबाई तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या. सासरी आपल्यावर घरच्या बायकांची नजर असते, हे त्यांनी पाहिलं होतं. आता घराच्याच दारात सरकार येऊन उभं होतं. माहेरचं पत्र, मैत्रिणीचं पत्र, कोणा नातेवाइकाच्या आजारपणाची खबर, सगळं आधी एका अनोळखी माणसाने वाचलेलं. आपला फोन कोणी दुसऱ्याने चाळला तर कसं होतं, तसंच काहीसं. फरक इतकाच, की पासवर्ड बदलायची सोय तेव्हा नव्हती.

या प्रसंगाचा आणि पुढच्या नर्सिंगच्या कामाचा धागा मी जोडतोय, रमाबाईंनी नाही. पण त्यांचं आयुष्य एका ओळीत मांडलं की हा धागा नजरेआड करणं अवघड जातं. आणि अजून एक प्रसंग मध्ये आहेच. तो अख्ख्या पुण्याचा.

प्लेगचं वर्ष

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वर्ष संपता संपता पुण्यात पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला, तोच जो कोरोनात आपण पुन्हा ऐकला. पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरू लागले.

प्लेगची गाठ येते काखेत आणि जांघेत. आता विचार करा. तपासणी करायची तर नेमकं तिथेच बघायला हवं. आणि बघणारा कोण, तर बंदूकधारी परका शिपाई. बायकांना घरातून बाहेर काढून, लोकांसमोर तपासल्याच्या तक्रारी त्या वेळच्या पुण्यातून एकामागून एक आल्या. देवघरात, माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत शिपाई घुसले. आजारी माणूस सापडला की त्याला उचलून प्लेगच्या दवाखान्यात. मग लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. माळ्यावर, शेतात, नातेवाइकांकडे. लपवल्यामुळे साथ आणखी पसरली. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, ते आपण शाळेत शिकलोय.

शाळेत एक गोष्ट मात्र नीट सांगत नाहीत. तपासणी चुकीची नव्हती. साथ थांबवायला ती हवीच होती. चुकीची होती ती करण्याची पद्धत. पडद्याआड, एका शिकलेल्या बाईच्या हातून झाली असती तर तीच तपासणी अनेकींनी होऊ दिली असती. पण तशा शिकलेल्या बाया होत्या किती? मुंबईत १८८६ मध्ये बायकांसाठी कामा हॉस्पिटल निघालं होतं, तिथे डॉक्टरही बायकाच. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ मध्ये काम सुरू व्हायच्या आतच गेल्या. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना स्वतः उचलून आणत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ ला त्यांचा मृत्यू झाला. बाकी नर्स म्हटलं की युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती बाई, असंच चित्र होतं.

रानडे तेव्हा मुंबईत हायकोर्टाचे न्यायाधीश होते. १९०१ च्या जानेवारीत त्यांनी प्रकृतीसाठी सहा महिन्यांची रजा घेतली आणि १६ जानेवारीला ते गेले. छातीच्या दुखण्याने ते बरेच दिवस हैराण होते, रात्री-अपरात्री त्यांच्याजवळ बसायच्या त्या रमाबाईच. शुश्रूषा म्हणजे काय असतं, हे त्या कोणत्या वर्गात शिकल्या नव्हत्या. घरी शिकल्या.

विधवा, वाडा आणि सेवासदन

नवरा गेल्यावर रमाबाई पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळपास कोणाला भेटल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जायच्या, दवाखान्यांत रुग्णांना भेटायला जायच्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्याच होत्या.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोघं त्यांच्याकडे आले. कल्पना अशी की बायकांसाठी एक घर काढायचं आणि तिथे भारतीय बायकांना नर्सिंग शिकवायचं. त्यातून मुंबईचं सेवासदन उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यात आपल्याच वाड्यात पुणे सेवासदन सुरू केलं. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते.

शिवण, लिहिणं-वाचणं, शिक्षिकेचं प्रशिक्षण, इथपर्यंत लोकांनी ऐकून घेतलं. नर्सिंग म्हटल्यावर कपाळावर आठ्या. का, ते समजणं अवघड नाही. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा. तोही कुठल्याही जातीच्या. रात्रपाळी करायची. मलमूत्र काढायचं. आणि हे सगळं करणाऱ्या बाईला घरात काय मान राहणार? सेवासदनात येणाऱ्यांमध्ये विधवा बऱ्याच होत्या. विधवेच्या चालण्या-बोलण्यावर तर आधीच सगळ्या आळीचा डोळा.

एक प्रसंग सांगितला जातो. सेवासदनाच्या कार्यक्रमात एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला स्टेजवर आली. केशवपन केलेलं डोकं, विधवेचं लुगडं. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. बक्षीस समारंभ झाल्यावर रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या पोरांना चांगलंच सुनावलं. तुमच्यातल्या कोणाच्या घरी विधवा बहीण, आत्या, मावशी नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. सभागृह गप्प झालं.

रमाबाईंचं वजन इथे कामाला आलं. न्यायमूर्तींची विधवा, स्वतः सोवळ्या-ओवळ्याच्या घरात राहिलेली, वागण्यात सौम्य. तिच्या संस्थेत मुलगी पाठवली तर ती वाया जाणार नाही, असं घरच्यांना वाटायचं. नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी सेवासदनाने वेगळं वसतिगृह काढलं. रात्रपाळीला जाणारी मुलगी कुठे राहते, कोणासोबत जाते, हा घरच्यांचा मोठा प्रश्न असायचा. वसतिगृहाने तो सोडवला.

म्हणजे बघा, विश्वास दोन बाजूंनी मिळवायचा होता. मुलीच्या घरच्यांना खात्री हवी की हिची बदनामी होणार नाही. आणि रुग्णाच्या घरच्यांना खात्री हवी की ही आपल्या घरची गोष्ट बाहेर नेणार नाही. दुसरी खात्री नसती तर पहिली मिळूनही उपयोग नव्हता. वाड्यात बाळंतपणाला आलेली नर्स उद्या शेजारच्या वाड्यात जाणार. तिथे जाऊन ती काय बोलेल, ही भीती प्रत्येक सासूला.

तोंड बंद ठेवायला शिकवतात कसं?

त्या काळातलं नर्सिंगचं शिक्षण नाइटिंगेलबाईंच्या पद्धतीवर चालायचं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १८६० मध्ये त्यांच्या नावाची शाळा निघाली. शिकणारीला प्रोबेशनर म्हणायचे. ती वॉर्डातच शिकायची, सिस्टर आणि मेट्रनच्या नजरेखाली. तिचा नियमित अहवाल लिहिला जायचा आणि त्यात ड्रेसिंग येतं का, एनिमा देता येतो का एवढंच नसायचं. ती विश्वासू आहे का, शांत आहे का, खरं बोलते का, याचीही नोंद असायची. म्हणजे स्वभावालाही मार्क.

नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याबद्दल त्यांनी कित्येक वर्षं लिहिलं, आणि रानड्यांच्या पुणे सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. शुश्रूषेवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी बजावलंय की नर्सने गावगप्पा करू नयेत आणि ज्याला विचारायचा हक्क आहे त्याच्याशिवाय कोणाला रुग्णाबद्दल उत्तर देऊ नये. रुग्णाच्या खोलीत कुजबुजण्यालाही त्यांचा विरोध. का? कारण बेडवर पडलेला माणूस कान लावून ऐकतो आणि अर्धं ऐकू आलं की उरलेलं मनानेच वाईट रंगवतो. वॉर्डात डॉक्टरांचा राउंड चालू असताना पेशंटचा चेहरा कधी पाहिलाय? तेच.

आज दीपप्रज्वलन समारंभात हातात दिवे घेऊन मुली जी शपथ घेतात, ती नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते. लिहिली मात्र त्यांनी नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हार्पर हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. कामाच्या ओघात कळलेल्या रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्या गोष्टी गुप्त ठेवीन, असं वचन त्यात आहे. घरच्याही, फक्त आजाराच्याच नाहीत, हे विशेष.

आणि हे सगळं पश्चिमेकडून आलं असंही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकी शिकायला आलेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातल्या चालीरीती बाहेर सांगू नयेत हे आहे. रुग्ण वाचणार नाही हे कळलं तरी जिथे सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे ते बोलू नये, हेही आहे. चरकाने उपचाराचे चार पाय मानले: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रुग्ण स्वतः. शुश्रूषा करणाऱ्याला वैद्याच्या बरोबरीने मोजलं होतं. मधल्या काळात आपण ते विसरलो आणि हे काम हलकं ठरवलं.

स्वातंत्र्यानंतर नर्सिंगच्या शिक्षणाला देशभर एक चौकट मिळाली. १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग काउन्सिल आलं. काउन्सिलच्या आचारसंहितेत रुग्णाची खासगी माहिती जपणं हे नर्सचं कर्तव्य आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी मानसिक आरोग्याचा आणि एचआयव्हीचा असे दोन कायदे आले, दोन्हींत गोपनीयतेची कलमं आहेत. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या बाईचं नाव उघड करणं गुन्हा ठरला.

पण शिकणाऱ्या मुलीला खरा गोंधळ वेगळाच होतो. गप्प बसायचं म्हणजे सगळीकडेच गप्प बसायचं का? तर नाही. टीबीचा पेशंट सापडला की सरकारला कळवावंच लागतं, २०१२ पासून. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं लक्षात आलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना सांगणं बंधनकारक. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटचं सगळं सांगायचं, काही लपवलं तर जीव जाईल. म्हणजे ज्याला माहिती असल्याशिवाय उपचार किंवा संरक्षण होणार नाही त्याला सांगायचं, आणि तेवढंच सांगायचं. सख्खी सासू जरी बाहेर बाकावर बसलेली असली तरी सुनेला विचारल्याशिवाय तिला नाही. माझ्या मते सगळ्यात कठीण धडा हाच आहे. कारण आपल्याकडे पेशंट एकटा नसतोच, त्याच्यामागे अख्खं कुटुंब असतं, आणि बिल भरणाऱ्याला वाटतं की रिपोर्टही आपलाच.

त्यात आता मोबाइल. पूर्वी तोंड सांभाळलं की भागायचं. आता नाइट ड्युटीचं रील काढताना मागच्या बेडवरचा पेशंट फ्रेममध्ये येतो, सेल्फीत फळ्यावरची नावं दिसतात, एक्स-रेचा फोटो शंका विचारायला ग्रुपवर टाकला आणि कोपऱ्यातलं नाव झाकायचं राहून गेलं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. प्लेगमधल्या डॉक्टरांचाही नव्हता.

तर त्या पहिल्या पोस्टिंगवाल्या मुलीने काय करावं? शिकवतात ते असं. आधी त्या वहिनीजवळ जायचं आणि तिला स्वतःहून सांगायचं, की इथलं इथेच राहील. तिला अवघड वाटत असेल तर सिस्टरला सांगून दुसरा बेड मागून घ्यायचा. आणि आईला सांगायचं की मला विचारू नकोस, कोणाचंच विचारू नकोस. एकदा कळलं की आईही विचारायची थांबते. उलट, तुला काही झालं तर तेही मी कोणाला सांगणार नाही, हे आईच्या लक्षात येतं.

रमाबाई शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. १९१३ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्या गुजरात-काठेवाडात मदतीला गेल्या. पुण्यात मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून भांडल्या. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९२१-२२ मध्ये झालेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या. सेवासदन १९१५ मध्ये रीतसर नोंदलं गेलं आणि वाढत गेलं.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. पुण्याच्या एका वाड्यात सुरू झालेल्या त्यांच्या कामाचा पसारा तोवर बराच वाढला होता. बायकांसाठी ट्रेनिंग कॉलेज होतं, तीन वसतिगृहं होती. त्यातलं एक डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींसाठी होतं आणि एक नर्सिंगच्या प्रोबेशनर मुलींसाठी.